काखेतली देवी

पुराचा तिसरा महिना. पाणी उतरायला लागलं तो आठवडा.

अहो,

उन्हात बरे असाल. हल्ली मेलेल्यांनाही उन्हाशिवाय दुसरी सोय ठेवलेली नाही, म्हणून असंच विचारायचं.

आधी जेवून घ्या. वाडग्यात डाळ आहे, भाकरी आहे, वर कांदा ठेवलाय. पत्र तळाशी आहे. ओळी गोल गोल फिरत वर येतात, तेव्हा वाडगं फिरवा, स्वतः फिरू नका, तुम्हाला चक्कर येते. वाडग्यात मावलं नाही ते खापरांवर लिहून शेजारी लावून ठेवलंय. अक्षर माझंच आहे. नकाशे काढणाऱ्याच्या मुलीचं अक्षर सरळ असतं, तुम्हाला ते उगाच रागीट वाटतं.

आणि राग आहेच. तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली, एक ओळ लिहिली नाही ती त्यामुळेच. वासेतला आपलं चांगलं चाललं होतं, नदी दारात होती. "महाराज नवं नगर वसवतायत, दुप्पट धान्य मिळेल," म्हणून आम्हाला या आखेतातेनच्या वाळूत आणून टाकलंत, जिथे प्यायचं पाणीसुद्धा गाढवावरून येतं. बरं, आणलंत. मग सणाच्या दिवशी त्या नव्या सूर्यदेवाच्या, आतेनच्या, बिनछपराच्या देवळात सकाळपासून बोडक्या डोक्याने उभे राहिलात. मी म्हटलं होतं, डोक्याला फडकं बांधा. तुम्ही काय म्हणालात? "अगं, देवासमोर डोकं झाकून कोण जातं?" संध्याकाळी चौघांनी उचलून आणलं. देवाची नजर पडावी अशी तुमची इच्छा होती, ती पडली.

आता कामाचं लिहिते. आपल्या तामितला दिवस गेलेत. चौथा महिना आहे. गेल्या वर्षीही गेले होते, ते तुम्हाला कळवलं नाही. बाळ जन्मलं पण रडलं नाही. त्याला तुमच्या पायाशीच ठेवलंय, तेव्हा एव्हाना भेट झाली असेल. नाव ठेवलेलं नव्हतं, तुम्हीच काहीतरी ठेवा.

तेव्हापासून पोरगी धास्तावली आहे. म्हणते, "आई, तावेरेत घरात नसेल तर मी विटांवर बसणार नाही." बाळंतपणाच्या विटांवर बसायचं नाही तर बाळ काय कानातून येणार? पण तिचं तरी काय चुकलं? माझ्या आजीने, आईने, मी, सगळ्यांनी कळा देताना ती निळी देवी मुठीत धरली होती. पाणघोड्याचं तोंड, पुढे आलेलं पोट, कान तुटलेला. तामित तिच्याच भरवशावर जन्मली. गेल्या वर्षी पहिल्यांदा मूठ रिकामी होती.

देवी कुठे आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या काखेत आहे. तुम्हाला चटईत गुंडाळत होतो त्याच दिवशी मुकादम बंदी घातलेले जुने देव शोधत घरोघर फिरत होता. मी घाबरले, इकडेतिकडे पाहिलं आणि दिली तुमच्या डाव्या काखेत सरकवून. मेलेल्या माणसाची झडती कोण घेणार? तेव्हा हुशारी वाटली होती.

ती पाठवा. कशी, ते तुम्ही बघा. कोल्हे तसेही वाळू उकरत असतात, त्यातल्या एखाद्याला सांगा. तेही जमत नसेल तर निदान पाण्याचं बघा. तुम्ही गेल्यापासून पाणीवाला आपल्या दारात घागर अर्धीच ओततो. बाईमाणूस बघून करतो, दुसरं काय.

हेनुत
(तुमची बायको. अजून तरी.)


पुराचा चौथा महिना. चिखल वाळला.

अहो,

पाणी पूर्ण आलं! घागर काठोकाठ, वर गाढवाच्या पाठीवरची अर्धी पखाल उरली होती तीही ओतून गेला. मी विचारलं, "काय रे, आज सूर्य कुठून उगवला?" तर म्हणतो, "काकू, वरून हुकूम आहे." मी वर बघितलं. तोही वर बघायला लागला.

म्हणजे ऐकता तुम्ही. तीस वर्षं मी घरात बडबडत होते, तुम्ही "हं" म्हणायचात आणि दाढ कोरत बसायचात. छपराला गळती लागली ती दुरुस्त करायला शेवटी मीच शिडीवर चढले होते. आणि आता मेल्यावर एका पत्रात काम! हे आधी माहीत असतं तर... जाऊ दे. तामित म्हणते असं लिहू नको.

पण देवी नाही आली. पाणी सोपं होतं, ते केलंत. अवघड ते ठेवलंत. स्वभाव कुठे जातो.

इकडे मुकादमाने उच्छाद मांडलाय. आतेनहेब. तोच, ज्याचं नाक सोललेल्या कांद्यासारखं आहे. रोज उन्हात उभा राहून प्रार्थना करतो आणि नाकाची सालं काढत गल्लीतून हिंडतो. हातातल्या काठीने जमीन ठोकून बघतो, पोकळ आवाज आला की उकरायला लावतो. त्याची म्हातारी आई, वेरनुरो आजी, आपल्या गल्लीची सुईण, ती मात्र त्याला गच्चीवरून जुन्याच नावाने हाक मारते: "आमेनहेऽऽब, जेवायला ये!" आमेन म्हणजे आमून. ज्या आमून देवाचं नाव उच्चारायला बंदी, त्याचीच हाक सगळ्या गल्लीत घुमते. मग ती हाक दडपायला आम्ही बायका सगळ्या मिळून खोकतो. मुकादमासाठी नाही, आजीसाठी खोकतो. त्याच्यासाठी कोण खोकेल? जुने देव फोडायचा हुकूम आला तेव्हा याने घरातली देवी सगळ्या गल्लीदेखत उंबऱ्यावर आपटून फोडली होती. पुढे त्याची बायको बाळंतपणात गेली. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पाठीमागे सगळे बोलले. मीही बोलले.

परवा आपल्याकडे आला. तामित पायरीवर लसूण सोलत होती. लागला शिकवायला, की आतेन एकच, तो सगळ्यांचा, त्याच्या किरणांना हात असतात, त्या हातांनी तो सगळ्यांना जीव देतो.

तामित म्हणाली, "मुकादम, चित्रात तर ते हात महाराजांच्या नाकापाशीच थांबतात."

"महाराजांकडून पुढे आपल्याला मिळतं."

"बरं. आणि रात्री?"

"रात्री काय?"

"रात्री कुठे असतो तो?"

"रात्री... रात्री सकाळ होईपर्यंत थांबायचं."

"बाळ थांबेल?"

मुकादमाने नाक खाजवलं, काठी जमिनीवर ठोकली, आवाज आला तो भरीवच होता, आणि तो निघून गेला. पोरगी तुमच्यावर गेली आहे हो, पण जीभ माझी आहे. ती आत येऊन माझ्या मांडीत डोकं ठेवून रडली, ते मात्र त्याने पाहिलं नाही.

आणखी एक. जावईबापूंना अलाबास्टर दगडाच्या खाणीवर धाडलंय. पेनबुई तसा काही कामाचा नाही, पण तामितला तो शेजारी घोरत असला की झोप लागते. त्याला तेवढा परत आणा. आणि देवी. देवी आधी.

हेनुत


पेरणीचा दुसरा महिना. टिटव्या आल्या.

अहो,

पेनबुई आला! खाणीवरून अचानक बोलावणं, "गावात भिंतीचं काम आहे" म्हणून. कुठली भिंत, ते त्यालाही सापडलेलं नाही. दिवसभर घरात बसून खजूर खातो आणि तामितच्या पोटाला कान लावून "आत कोणीतरी चालतंय" असं सांगत सुटतो. तुमच्या एवढ्या ओळखी आहेत हे मला माहीत नव्हतं. जिवंतपणी पहारेकऱ्यालासुद्धा घाबरायचात.

तुमच्यात सुधारणा झाली आहे, हे मला कबूल करायला हवं. वाडगं प्रत्येक वेळी स्वच्छ असतं, वाळूने घासून पालथं घातलेलं. आपल्या घरात तुम्ही उष्टं वाडगं उचललेलं मी पाहिलं नाही. आणि कांदा! तीस वर्षं कांदा ताटाच्या कडेला सारलात, पोटात वारा धरतो म्हणालात. आता देठसुद्धा शिल्लक नसतो. मेल्यावर चांगली संगत लागली म्हणायची.

पण देवी नाही.

शेवटी मीच करायला बसले. नदीचा चिखल आणला, भुसा मिसळला आणि आजीच्या देवीची आठवण काढत घडवली. पोट छान आलं. तोंड मात्र कसंही केलं तरी तुमच्या थोरल्या बहिणीसारखं होतं. दारात वाळत ठेवली आणि वळते तर मुकादम उभा.

"हे काय आहे?"

"डुक्कर."

आपल्याकडे डुकरं आहेत, सगळ्या गावाला ठाऊक आहे. दुसरं काही सुचलं नाही.

तो उकिडवा बसला. बघत राहिला. "डुकराचं पोट एवढं नसतं."

"गाभण आहे."

"डुक्कर दोन पायांवर उभं राहत नाही, बाई."

"आमचं राहतं."

"आणि हातात काय धरलंय?"

मी म्हटलं, ते पिल्लू असेल. मला वाटलं हो, आता काठी घालतो आणि फोडतो, आणि तामित आतून सगळं बघत होती. त्याने काठी उचलली. मग काठीच्या टोकाने मूर्ती हळूच भिंतीच्या सावलीत सरकवली. "उन्हात वाळवू नका. तडे जातात," म्हणाला आणि गेला.

त्याचं डोकं फिरलंय किंवा मोठा सापळा लावतोय. तडे मात्र आधीच गेले होते. संध्याकाळी देवीचं डोकं गळून पडलं आणि तामितने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. म्हणते, हाच कौल. मी तिला ओरडले, मग जवळ घेतलं, मग पुन्हा ओरडले. मला भीती वाटते. तुम्हाला सांगायला काय हरकत आहे, दिवसभर सगळ्यांसमोर मी हसत असते आणि मला फार भीती वाटते.

आता मी गमतीने मागत नाही. काख उघडा आणि द्या.

हेनुत


पेरणीचा तिसरा महिना. सकाळीच लिहितेय.

अहो,

तुम्ही कांदा खात नाही.

आज मुद्दाम पहाटे आले. विचार केला, समोरासमोर बोलावं. सूर्य कड्यावर नुकता आला होता. लांबूनच कांदा चावल्याचा आवाज आला. क्षणभर वाटलं, तुम्हीच. काळजात काय झालं ते लिहीत नाही. पदर सावरला, केसांवरून हात फिरवला, या वयात. जवळ जाऊन बघते तर मुकादम! तुमच्या उशाशी मांडी घालून बसलेला, मांडीवर माझं वाडगं, ओठ हलवत वाचतोय आणि वाडगं फिरवतोय.

"मुकादम!"

घास घशात अडकला. डोळे बाहेर आले. मी पाठीत दोन बुक्क्या घातल्या, तेव्हा कांदा खाली गेला.

"चौकशी चालू आहे," तो म्हणाला.

"डाळीची?"

"मेलेल्यांना पत्रं लिहायला बंदी आहे, बाई."

"आणि मेलेल्यांच्या ताटातलं जेवायला परवानगी आहे वाटतं?"

मी त्याला अडकवू शकत होते, तो मला. मग तो काय म्हणाला असेल? म्हणाला, "माझं नाक खरंच सोललेल्या कांद्यासारखं आहे?"

मी म्हटलं, "नवऱ्याला खाजगीत लिहिलं होतं."

"तुमच्या केन्नाने जिवंतपणी पाहिलं होतं माझं नाक. लिहायची गरज नव्हती."

मग सगळं बाहेर आलं. पहिलं पत्र त्याने कामाचा भाग म्हणून वाचलं होतं. पण पाणीवाल्याचं वाचून त्याला राहवलं नाही, जाऊन दम दिला. दुसऱ्या पत्राची तो वाट बघायला लागला. डाळ चांगली होती म्हणाला, आजी हल्ली त्याला करपलेलीच वाढते. पेनबुईसाठी त्यानेच भिंतीचं काम काढलं. भिंत कुठे बांधायची, हे त्याने अजून ठरवलेलं नाही.

"माझ्याशी घरात कोणी बोलत नाही, वहिनी," तो म्हणाला. पहिल्यांदा वहिनी म्हणाला. "आणि तुम्ही मेलेल्या माणसाशी इतकं बोलता. मला वाटायचं, केन्ना नशिबाचा."

तुमच्यापासून दुसरी कबर त्याच्या बायकोची आहे, माहीत आहे ना? तिथे एक वाडगं नाही, खापर नाही, काही नाही. मी विचारलं, तिला का नाही लिहीत? त्याने वाळूवर बोट फिरवलं.

"काय लिहू? विटांवर बसताना तिने देवी मागितली होती. मी फोडलेली. मी म्हटलं, सूर्य आहे ना. रात्र होती, वहिनी."

त्याच्यावरचा राग मी किती वर्षं जपून ठेवला होता, आणि नेमका हवा तेव्हा सापडेना. मला रडू आलं. त्यालाही आलं. तिथे दोघं बसून रडलो आणि उरलेली भाकरी अर्धी अर्धी खाल्ली, हे तुमच्या वाट्याचं होतं, माफ करा.

उठताना म्हणाला, "मी उकरून देतो. डावी काख ना? हळूच हात घालीन, त्याला कळणारसुद्धा नाही."

मुकादमाने कबर उकरलेली कळली तर नाक-कान कापतील त्याचे. नाकाचं एवढं काही नाही, पण कान चांगले आहेत. मी म्हटलं, आधी यांना विचारते. म्हणून हे पत्र. तुमची झोपमोड करायची, चटई सोडायची, उघडं पाडायचं, हे मला पटत नाही, पण तामितकडे बघितलं की सगळं पटतं. चालणार असेल तर वाडगं रिकामं करून पालथं घाला. मुकादमाने शपथ घेतली आहे की यापुढे तो हात लावणार नाही. आज कांदा घातलेला नाही.

हेनुत


पेरणीचा चौथा महिना.

अहो,

डाळ तशीच होती. मुंग्या लागल्या होत्या.

म्हणजे तुम्ही कधीच काही वाचलं नव्हतंत, की वाचलंत आणि नको म्हणालात, हे मला कळलं नाही. मी वाडगं घेऊन किती वेळ उभी होते. मग ठरवलं, नको म्हणू देत, उकरायचंच. मुकादमाने फावडं काढून ठेवलं. आठवड्याची सुट्टी होती त्या दिवशी जायचं असं ठरलं.

पण तुमची नात तुमच्यावर नाही गेली. तिला वेळेवर यायचं नव्हतं, वेळेच्या आधी यायचं होतं. भर दुपारी! आम्ही सगळे रात्रीला घाबरत होतो आणि कळा सुरू झाल्या त्या सूर्य डोक्यावर असताना. पेनबुईने एकदा तामितकडे बघितलं, "आत कोणीतरी चालतंय" म्हणाला आणि भुईवर आडवा झाला. त्याला ओढून डुकरांच्या खोपटात सावलीला टाकलं.

तामित विटांपाशी येईना. भिंतीला पाठ लावून उभी, दोन्ही मुठी आवळलेल्या, "आई, ती आण, ती आण." आणि मी कुठून आणणार? तेवढ्यात वेरनुरो आजी आली. दार लावलं, कंबरेचं गाठोडं सोडलं आणि एक तावेरेत विटेशेजारी ठेवली. गोंदाने जोडलेली, इतके तुकडे की पोटावर नुसत्या रेघा, आणि एक पंजा उलटा चिकटवलेला. मी बघतच राहिले.

"बघतेस काय?" आजी म्हणाली. "त्याने आपटली, मी वेचली. सून गेली तेव्हा निम्मीच जोडून झाली होती."

दार पुन्हा वाजलं. पलीकडची नुबेत आली, पिठाच्या मडक्यातून काढलेली देवी घेऊन, नाकातोंडात पीठ. मग कोपऱ्यावरची, जी रोज गच्चीवर मोठमोठ्याने आतेनची स्तोत्रं म्हणते ना, तिच्याकडे तर दोन निघाल्या, आणि वर जीभ काढलेला बुटका बेस देव. एक उशीतून आली, एक डुकराच्या गव्हाणीतून, तिला वास होता. सगळी गल्ली एका देवाची, आणि माझ्या मागच्या खोलीत पाणघोड्यांना उभं राहायला जागा नाही! आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि हसू आवरेना. इतकी वर्षं एकमेकींपासून लपवत होतो. तामित कळांमध्येही हसली. मग आजीची जोडलेली देवी उचलून मुठीत घट्ट धरली आणि आपणहून विटांवर बसली.

मुकादम दाराबाहेर उन्हात उभा होता, काठी आडवी धरून. आणि त्याच दिवशी नगरातून साहेब यायचा होता, फेरी मारायला. आला. आतून मी सगळं ऐकत होते.

"या घरात गर्दी कसली?"

"प्रार्थना चालू आहे, साहेब."

आतून तामित जिवाच्या आकांताने ओरडली, "आई गं!"

"कुणाला हाक मारतेय ती?"

"आईला, साहेब. आत आहे तिची आई. मोठ्या तोंडाची बाई आहे, जाऊ नका."

हे मी लक्षात ठेवलंय. नाकाची फिटंफाट झाली.

साहेब तरीही पुढे सरकला असावा, कारण मुकादमाचा आवाज चढला. "साहेब, या गल्लीची झडती मी घेतो. माझ्या हाताने मी माझ्या घरातली देवी फोडली आहे, सगळ्यांनी पाहिलंय. माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर आधी माझी झडती घ्या." नेमकी तेव्हाच आजी मोठ्याने म्हणाली, "आमेनहेब, पाणी आण रे!" आणि आम्ही सगळ्या जणी एकदम खोकलो. असा खोकला या गावात कधी झाला नसेल. साहेबाने विचारलं, आत रोगराई आहे का? मुकादम म्हणाला, "भयंकर." साहेब गेला.

मग तामितने एक शेवटची कळ दिली आणि मुलगी झाली. क्षणभर काही आवाज नाही. मी श्वास घेतला नाही, कुणीच घेतला नाही. वरच्या झरोक्यातून उन्हाची एक तिरीप सरळ तिच्या तोंडावर पडली होती. तिने नाक मुरडलं आणि भोकाड पसरलं. ऊन तिला आवडलेलं नाही, आपल्या घरातलीच आहे. तरी मी त्या तिरिपेलाही हात जोडले. तोही आला होता ना बिचारा, वेळेवर.

बाहेर मुकादम रडत होता. आजीने दार उघडलं, घागर घेतली, त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "आतेनहेब, आत ये. ऊन लागेल." नव्या नावाने, पहिल्यांदा. तो मात्र म्हणतो, आता जुनंच बरं वाटतं.

फावडं त्याने परत ठेवून दिलं. देवीचं आता काय करायचं, विचारत होता. मी रात्रभर विचार केला, आणि हे सांगायलाच आज लिहितेय.

देवी तुमच्याकडेच राहू दे. आपल्या गल्लीत पुष्कळ निघाल्या. इथे नव्या रीतीप्रमाणे तुम्ही सकाळी उन्हाबरोबर बाहेर पडता, ते ठीक आहे, पण मावळल्यावर तिथे काय असतं, हे ना मुकादमाला सांगता येत, ना देवळातल्या कुणाला. तुमच्या पायाशी तामितचं पहिलं बाळ आहे. त्याला अंधाराची सवय नाही. रात्र झाली की त्याला वर घ्या, काखेपाशी निजवा, आणि देवीचा तो तुटका कान त्याच्या हातात द्या. तामित लहान असताना तोच धरून झोपायची.

पलीकडच्या कबरीवर आज एक वाडगं दिसेल. मुकादमाने बायकोला लिहिलंय, खापरंसुद्धा पुरली नाहीत. वर कांदा आहे. ते तुमचं नाही, वाचू नका.

तुमच्या वाडग्याखाली एक फडकं घडी करून ठेवलंय. माझ्या चांगल्या तागाच्या वस्त्रातलं आहे, फाडताना जीव हळहळला. सकाळी बाहेर पडाल तेव्हा डोक्याला बांधा. या वेळी तरी ऐका माझं.

तुमची
हेनुत